बँकेतला बिघाड

माझं अक्षर बरं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. हे कागद कोणाच्या हाती पडलेच तर चुका पोटात घालाव्या.

बिघाड हा आमच्या घरात रोजचा शब्द. पंप बिघडतो, चक्की बिघडते, बैलाचं पोट बिघडतं. पंपाला मिस्त्री येतो, बैलाला ओवा देतो. बँकेच्या काचेवर 'तांत्रिक बिघाड' असं वाचलं, तेव्हा मात्र काय करायचं असतं ते मला कळलं नाही.

त्या पावसाळ्यात आम्ही बायकांनी एका मालकाची धानाची रोवणी हुंड्यावर घेतली होती. शेताच्या सगळ्या बांध्या मिळून एकच रक्कम, ती नंतर आपसात वाटायची. मालक म्हणाला, पैसे खात्यात टाकतो. बाकीच्यांची खाती नवऱ्यांच्या हातात. माझं माझ्याजवळ होतं, आणि मी फार बोलत नाही म्हणून सगळ्यांना भरवशाची वाटले. मालकाने आमच्यासमोर मोबाईल दाबला. त्याच्या खात्यातून पैसे गेले. माझ्या खात्यात आले नाहीत.

सालेकस्याला बँकेत गेले. खिडकीतला साहेब म्हणाला, "पैसा बीच में अटका है बाई. आ जाएगा."

बीच म्हणजे कुठे, हे विचारायला तोंड उघडलं, तोवर मागच्या माणसाने आपलं पासबुक पुढे सरकवलं. मी बाजूला झाले. पुढच्या खेपेलाही तेच ऐकून आले.

पोळा जवळ आला. बायका अंगणात येऊन बसल्या.

"आले का वो पैसे?"

"बँकेत बिघाड आहे म्हणते."

"मंग मिस्त्री काऊन नाही बोलावत?" ओळीत सगळ्यांच्या पुढे रोवणारी मोठी काकी म्हणाली. "एवढे पैसे खाल्ले, तुहं पोट नाही बिघडलं का वो?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. खरं सांगायला माझ्याजवळ तो एकच शब्द होता, आणि माझ्या तोंडून तो मलाच खोटा वाटत होता. दुसऱ्या दिवशी बचत गटातून कर्ज उचललं आणि एकेकीच्या घरी जाऊन पैसे दिले. त्यामुळे तर पैसे माझ्याजवळच होते अशी त्यांची खात्रीच झाली. मोठी काकी म्हणाली, "निघाले ना आता?"

दिवाळीच्या सुमारास मालक भेटला. "ते पैसे माह्याच खात्यात परत आले होते वो बाई. खतात लागून गेले. देतो." थोडे दिले. बाकीचे मागायला मी त्याच्या दारापर्यंत जायची आणि त्याच्या बायकोशी, वहिनींशी, पाण्यापावसाचं बोलून परत यायची.

उन्हाळी धानाच्या रोवणीला पुन्हा त्याच्याकडेच गेलो. बांधावरून त्याने विचारलं, "पैसे कोणाच्या खात्यात टाकू?" चिखलात वाकलेल्या बायका रोवतच राहिल्या.

"नगद दे बाबा," मोठी काकी म्हणाली. "माह्या हातात दे."

मी पऱ्ह्याच्या रोपांची पुढची जुडी सोडून रोवायला घेतली.

संध्याकाळी मालकाने मला थांबवून उरलेले पैसे दिले. बिघाड होता हे त्याने काकीसमोर सांगावं असं फार वाटलं, पण काकी पुढे निघून गेली होती. मी पैसे पदराच्या गाठीत बांधले. गटाच्या बैठकीत मी ते पैसे भरले. व्याज कोंबड्या विकून दिलं. कर्ज पूर्ण फिटलं.