दाजींनी आणलेल्या तारा

श्रीरामपूरला आमच्या चर्चमधल्या परदेशी फादरांनी मायदेशी जाताना त्यांची बेस गिटार तरुण मंडळाला दिली. मंडळात सर्वांत उंच मी, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. तिच्या चारही तारा गंजलेल्या होत्या आणि तसल्या तारा गावात कुठे मिळत नव्हत्या. थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, मुंबईला नोकरीला होते. त्यांना सांगितलं. पावसाळ्यात ते बहिणीला घेऊन आले, तेव्हा तारांचं पाकीट घेऊनच.

चहा होताच तारा बसवायला घेतल्या. बेसची तार जाड असते, पण तिचं शेपूट बारीक असतं. जाड भाग मानेच्या टोकाशी असलेल्या खाचांच्या पट्टीपलीकडे गेला पाहिजे आणि खुंटीवर फक्त शेपूट गुंडाळलं गेलं पाहिजे. इथे जाड भाग पट्टीच्या अलीकडेच संपत होता. शेपूट कसंबसं खुंटीला टेकत होतं.

"तारा जरा आखूड वाटत्यात," मी हळूच म्हणालो.

दाजी बशीत बघत बसले. वडील मात्र ताठ झाले. "जावयानं आणलेल्या तारा आखूड कशा असतील? गिटार लांब असंल."

आता गिटार लांब ठरल्यावर ती आखूड करणं ओघानं आलं. तारांखालची घोडी थोडी पुढे सरकवावी, असं वडिलांनी सुचवलं आणि शेजारच्या गल्लीतल्या सुताराला स्वतः जाऊन घेऊन आले. मी सांगून पाहिलं की घोडी सरकली तरी मानेवरच्या पट्ट्या होत्या तिथेच राहणार, मग एकही सूर जागेवर येणार नाही. वडील म्हणाले, सूर काय, सवयीनं येतील. सुतारानं कानावरची पेन्सिल काढून गिटारीच्या अंगावर दोन खुणासुद्धा केल्या.

गिटारीला सुताराचं किकरं लागण्यापेक्षा तारा ओढून बसलेल्या बऱ्या, म्हणून मी घाईघाईनं खुंटी पिळायला लागलो. आणखी अर्धा फेरा दिला आणि सर्वांत जाड तार शेपटाजवळ तुटून माझ्या मनगटावर बसली. वळ उठला. बहीण हळद आणायला आत गेली. तुटली ती गिटारीची जुनीच तार असेल, असं वडील सुताराला समजावत राहिले.

दाजी मला अंगणात घेऊन गेले. दुखतंय का म्हणून विचारलं.

"दुकानदारानं इचारलं हुतं, लांब पायजे का आखूड," ते म्हणाले. "मला काय ठावं? लांब म्हणावं तर जास्तीचं मागितल्यासारखं, आखूड म्हणावं तर कंजूषपणा. म्हणलं, मध्यम द्या. मामांना सांगू नको."

त्यांचा मला राग यायला हवा होता, पण मध्यम हा शब्द इतका सज्जन होता की हसूच आलं. मग तेही हसले. दुसऱ्या दिवशी वडील बाजारात गेल्यावर आम्ही दोघांनी घोडीच्या मागे जिथे तार अडकते तिथपासून सुतळी ताणली, खाचांच्या पट्टीवर एक गाठ मारली आणि खुंटीवर दुसरी. पहिल्या गाठीच्या पुढे पण दुसरीच्या आत जाड भाग संपायला हवा, एवढंच दुकानदाराला सांगायचं. दाजींनी सुतळी गुंडाळून खिशात ठेवली.

नाताळला ते आले तेव्हा नव्या तारा अशा बसल्या की जणू गिटारीबरोबरच जन्मल्या होत्या. वडिलांनी चर्चमध्ये भेटेल त्याला सांगितलं की आमच्या जावयानं मुंबईहून खास तारा आणल्यात. पहिल्यांदा आणलेल्याही उत्तमच होत्या, पण गिटारीला मानवल्या नाहीत. दाजी शेजारी उभे राहून मान डोलवत होते.

उपासनेत गिटार चर्चच्या स्पीकरला जोडून पहिल्या गाण्याला मी जाड तार छेडली. आवाज बाकांतून वर चढला. माझ्या छातीत तर तो कितीतरी वेळ राहिला, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की आपली उंची सत्कारणी लागली. दुसरं गाणं सुरू होताना पुढच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या उठल्या आणि बाहेर उसाचा ट्रक घरघरत उभा आहे का, ते पाहून आल्या.