एकडोळ्याच्या सहा चौकटी

चित्रकार गेला आणि वर्तमानपत्रांनी त्याला एका दिवसात देवमाणूस करून टाकलं. मी छत्तीस वर्षं त्याच्या समोरच्या टेबलावर बसलो. तो पेन्सिलनं चित्रकथा काढायचा, मी शाईनं गिरवायचो. देवमाणूस वगैरे काही नव्हता. घेतलेलं खोडरबर परत करायचा नाही आणि स्वतःचा चहा गार झाला की बिनदिक्कत माझा प्यायचा. मला तो फार आवडायचा. हे त्याला सांगायचं राहिलं.

त्याची एक खोड होती. आठवणीतून चेहरा काढायचा नाही. दर अंकाला त्या माणसाला पुन्हा पाहून यायचा, तोवर कागदावर नुसतं अंडं आणि मधे फुली. नायकासाठी बँकेतला एक कारकून होता, राजकन्येसाठी वहिनी, म्हणजे त्याची बायको. आणि एकडोळ्या नावाच्या खलनायकासाठी वहिनींचा सख्खा भाऊ. हा भाऊ घड्याळं दुरुस्त करतो, एका डोळ्याला भिंग लावून. पहिला अंक निघाला आणि आठवड्याभरात गल्लीतली पोरं त्याला एकडोळ्या म्हणायला लागली. त्यानं मेहुण्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. वीस वर्षं. दोघांच्या भांडणात वहिनींचं माहेर तुटलं.

"दुसऱ्या कुणाचा चेहरा घेतला असतास तर काय बिघडलं असतं?" मी एकदा विचारलं.

"असा दुसरा आणू कुठून?" म्हणाला. हट्टीपणात तो कुणाला हार जायचा नाही.

शेवटच्या आजारात त्याला जिना उतरवेना. त्यामुळे शेवटच्या अंकात एकडोळ्याच्या सहा चौकटींत अंडीच राहिली. शनिवारी पानं छापखान्यात जायची होती. संपादक म्हणाले, जुन्या अंकातले चेहरे कापून चिकटवा, कुणाला कळतंय. वहिनींनी ऐकलं नाही.

"त्यांचं शेवटचं काम आहे, त्यात चिकटवाचिकटवी नको. तुम्ही दादाकडे जा."

"तो मला हाकलून देईल, वहिनी."

"मग हाकलल्यावर या परत."

गुरुवारी दुपारी गेलो. दुकान कपाटाएवढं. भिंतीवरच्या डझनभर घड्याळांत एकाचंही दुसऱ्याशी जमत नव्हतं. मी कागदाची सुरळी मांडीवर ठेवून कामाचं सांगितलं. त्यानं चिमटा खाली ठेवला. हाकलायच्या बेतात काही दिसला नाही.

"तिथं उभा राहायचा तो," समोरच्या स्टेशनरीच्या दुकानाकडे बोट करून म्हणाला. "दर महिन्याला. दोन निबं घ्यायला माणसाला तासभर लागतो का हो?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"घड्याळात अडकलेला केस दिसतो मला. एवढा मोठा मेहुणा दिसणार नाही?"

"मग तोंड फिरवायचं. पडदा लावायचा."

"लावला असता तर आला नसता."

मी कागद उलगडला. सहाही चौकटींत एकडोळ्याला दातओठ खायचे होते. "जरा रागानं बघा," मी म्हणालो. त्यानं भिंग चढवलं, भुवया आवळल्या, ओठ दाबले. दाढ दुखत असलेला माणूस दिसायला लागला. पुन्हा केलं. पुन्हा दाढच.

"इतकी वर्षं तर झकास जमत होतं," मी म्हणालो.

"तेव्हा तो समोर असायचा. आपोआप यायचा राग." त्यानं भिंग काढून शर्टाला पुसलं आणि पुसतच राहिला. "या महिन्यात दिसला नाही. दोनदा वाटलं, जाऊन बघावं. दोनदा चप्पल घातली आणि काढून ठेवली. कोण आधी जाणार, एवढाच प्रश्न होता बघा."

मी पेन्सिल उचलली आणि समोर होतं ते काढलं. सहाही चौकटींत तेच. खलनायकाचं काम बिघडलं हे मलाही दिसत होतं, पण दुसरं काही काढायला हात चालेना.

शुक्रवारी शाई वाळल्यावर पानं वहिनींना दाखवली. त्यांनी आधीची पानं भराभर उलटली आणि त्या पानावर थांबल्या.

"दादा इतका थकला?" म्हणाल्या. मग पानं माझ्या हातात देऊन, मला घरात तसंच सोडून, त्या त्याच्या दुकानाकडे निघाल्या.