दत्तारामची जीभ

आठ माणसं आणि एक संडास एवढं जमलं की किस्से आपोआप साठतात. आखातात, जलीबच्या आमच्या खोलीत तर एकाचं पोट बिघडलं की बाकीच्या सातांची ड्युटी बिघडायची. त्या वर्षी, अठ्ठ्याण्णवच्या सुमारास, सगळ्यात जास्त किस्से दत्तारामने दिले. हा गुहागरकडचा वेल्डर, माझ्याबरोबर मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत. पहाटे पाचला कंपनीची बस, आणि बरोब्बर पाचलाच ह्याला कळ! बाहेर आम्ही डबे घेऊन दार बडवतोय. माझं तर डोकंच फिरायचं.

*

रक्त दिसलं तेव्हा तो हॉस्पिटलात गेला. आतड्याला सूज आहे, कॅमेरा घालून बघू, असं डॉक्टर म्हणाले. हा तिथून जो पळाला! रिपोर्ट कंपनीला कळला की कॉन्ट्रॅक्ट गेलं, ही धास्ती. गावी बायकोलाही त्याने कळू दिलं नाही. शेवटी कोपऱ्यावरच्या किराणावाल्या इब्राहिमभाईंनी सलव्यातल्या एका म्हाताऱ्या चिनी वैद्याचा पत्ता दिला. मोडकं इंग्लिश बोलायला बरोबर मी.

*

चिनी वैद्य रोग जिभेवर बघतो, असं भाई म्हणाले होते. म्हणून दत्ताराम जिभलीने जीभ घासघासून, लालबुंद करून गेला. वैद्याने ती बघितली आणि कपाळाला हात लावला. जिभेवरचा थर हाच त्याचा एक्स-रे, आणि तो ह्याने धुऊन टाकलेला! पुढच्या शुक्रवारी न घासता या, असा हुकूम झाला. आठवडाभर आम्ही त्याची जिभली लपवून ठेवली. रोज सकाळी आठही जण आरशासमोर आपापल्या जिभा तपासायला लागलो, त्यात एकदा बसही चुकली.

*

निदान निघालं: आतड्यात उष्णता आणि ओल साचलीय. उष्णता म्हटल्यावर आम्ही गावचे शहाणे! चार दिवस त्याला सब्जा, ताक, सोलकढी पाजली. दत्ताराम पोट धरून लोळायला लागला. वैद्य भडकला. आतडं तापलंय, पण पोट गार पडलंय, त्याला थंड काही नको. मग खायचं काय? तांदळाची गरम पेज.

"पेज खायाला एवढ्या लांब आलो व्हय?" दत्ताराम मला म्हणाला.

*

तीन महिन्यांत कळ कमी झाली, रक्त काही थांबेना. एका शुक्रवारी वैद्याने नाडी धरली ती सोडेचना. काळजी पोटात उतरलीय, म्हणाला, आणि आधी कॅमेरा, मगच माझी पुडी. दत्तारामने मान हलवली. नाही म्हणजे नाही.

"आय कम," वैद्य म्हणाला. दत्ताराम हो म्हणाला तेव्हाच मनगट सुटलं.

*

कॅमेऱ्याच्या दिवशी वैद्य दुकान बंद करून खरंच आला. मीही रजा टाकली होती. केरळची नर्स म्हणाली, आत एकच माणूस, तोही घरचा. मी शर्ट नीट करून पुढे झालो.

दत्तारामने स्ट्रेचरवरूनच म्हाताऱ्याचा हात धरला.

"ये घरका आदमी लिखो, सिस्टर. घरवाली को कुछ नहीं मालूम, इसको सब मालूम है."