मुलाच्या नजरेवरचा नेम

रत्नागिरीहून येऊन मी आखातातल्या दुखानच्या तेल-छावणीत स्टोअरकीपर झालो, तेव्हा फाटकावर वाळवंटातल्या भटक्या जमातीतला एक म्हातारा बदू पहारेकरी असे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. शिकारीची जुनी बोल्ट रायफल तो रोज तेलाच्या फडक्याने पुसायचा, पण गोळी कधी झाडत नसे. पूर्वी तो लांबचं हरीणही एका गोळीत पाडायचा, असं सगळे सांगत.

एका हिवाळी सकाळी दूरच्या टेकाडावर हरीण दिसलं. मी मोडक्यातोडक्या अरबीत ओरडलो, "काका, हरीण! जरा उजवीकडे!"

त्याने काडतूस भरून रायफल खांद्याला लावली. बराच वेळ तसाच थांबला आणि मग ती खाली घेतली.

"मला लांबचं दिसत नाही रे," तो म्हणाला. "मुलगा शेजारी पडून सांगायचा, तसा मी नेम धरायचो. उन्हाळ्यात तापाने गेला तो."

मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

"पुन्हा सांग ना, कुठं आहे?"

हरीण केव्हाच पलीकडे उतरलं होतं. तरी रिकाम्या टेकाडाकडे बघत मी सांगत राहिलो आणि तो डोळे मिटून ऐकत राहिला.