न चाखलेला रस्सा

ऊर्जानगरात आमच्या मागच्या क्वार्टरमधल्या बाई माळकरी आहेत. मटण त्यांनी कधी तोंडात घातलेलं नाही. तरी एखाद्या रविवारी त्या अंगणात तीन विटा मांडून डुकराचं मटण शिजवतात, गावाहून आलेल्या म्हाताऱ्या सासऱ्यांसाठी. सासऱ्यांच्या तोंडात एकही दात नाही.

मडक्यावर झाकण, झाकणाच्या कडेला ओली कणीक लावलेली आणि खाली नुसते निखारे. जाळ उठला की बाई लाकूड मागे ओढतात. परवा न राहवून मी माझा कुकर देऊ केला.

"कुकर घाई करते, बाई," त्या म्हणाल्या. "मटण शिजते, पण चरबी विरघळत नाई. मंग मामाजीनं चावाचं कशानं?"

"पण न चाखता मीठ कसं कळतं तुम्हाला?"

"थांबा ना. दिसन तुमाले."

दुपार कलल्यावर त्यांनी कणीक फोडली. सासऱ्यांना एक तुकडा आणि थोडा रस्सा वाढला आणि समोर उकिडव्या बसल्या. म्हाताऱ्याने तुकडा जिभेने टाळूवर दाबला. तो तिथेच विरला. पण भुवई जराशी वर गेली. बाईंनी मडक्यात चिमूटभर मीठ टाकलं, ढवळलं, पुन्हा वाढलं, एक वाटी मलाही दिली. या घासाला म्हाताऱ्याचे डोळे मिटले.

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. बाई सासऱ्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या, आणि म्हाताऱ्याच्या प्रत्येक घासाबरोबर त्यांचं स्वतःचं रिकामं तोंड हळूहळू हलत होतं.