बारवेच्या तळाचं दार

वरून टँकरचा हॉर्न वाजला तेव्हा मी बारवेच्या तळाशी पालथी पडून मोबाईलचा टॉर्च एका फटीत धरून बघत होते.

लासूर स्टेशनच्या पुढं माझ्या मामाचं गाव आहे. तिथली ही बारव, म्हणजे पायऱ्यांनी आत उतरायची जुनी दगडी विहीर, त्या उन्हाळ्यात पार आटली होती. तळाला एक बुटकं दार दिसायला लागलं होतं. गाळानं भरलेलं, फक्त खालच्या कोपऱ्यात हातभर फट. आत काय आहे हे मामालाही माहीत नव्हतं.

मी कॉलेज करता करता संभाजीनगरात एका छोट्या गेम स्टुडिओत इंटर्न होते. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळं ऑफिसात शक्यतो गप्प असायचे. पण गेममध्ये एक लपलेली लेव्हल हवी होती, शोधेल त्यालाच सापडणारी. मी भीत भीत या दाराचा फोटो दाखवला. आमचे बॉस निखिल सर म्हणाले, "तळ नीट स्कॅन झाला तर ही लेव्हल तू करायची." मला रात्रभर झोप नाही.

स्कॅन म्हणजे एका जागेचे सगळ्या बाजूंनी, एकमेकांवर थोडे चढतील असे फोटो काढायचे. सॉफ्टवेअर ते जोडून थ्रीडी मॉडेल उभं करतं. पाणी मात्र त्याला जमत नाही. पाणी चमकतं, हलतं, आणि मॉडेलमध्ये त्या जागी भोक पडतं.

निखिल सर आणि मी एका दिवसापुरता भाड्याचा कॅमेरा घेऊन गावी आलो. सकाळी तळाशी अंधार असतो, म्हणून आम्ही वरून सुरुवात केली. कमानी, कोनाडे, पायऱ्या करत खाली पोचेपर्यंत दुपार झाली. टँकर एक दिवसाआड, तोही संध्याकाळी येतो असं मामानं सांगितलं होतं. आज तो आत्ताच आला.

मी वर धावले. ड्रायव्हर पाइप सोडत होता. गावाचं पाणी याच बारवेत ओततात आणि मग बाया शेंदून घेतात.

"अर्धा तास थांबा ना," सर म्हणाले.

"तिकडं पंपाला लाईट लवकर आली, म्हणून लवकर भरून आलो. अजून दुसऱ्या गावाला जायचंय, साहेब."

रांगेत पुढं कौसाआजी होत्या, मामाच्या शेजारच्या. "फोटो उद्या काढा की. बारव काय पळून चालली व्हय?"

"उद्या आत पाणी असंल, आजी," मी म्हणाले.

"असू दे की! मग कशासाठी बांधली ती?"

बाया हसल्या. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझ्या मामाचं गाव आहे. तू सांग त्यांना. लेव्हल तुझीच आहे ना?"

मी म्हणाले, "सर, आपल्या बिल्डिंगला टँकर आला की तुम्ही मीटिंग सोडून खाली वाटेतली गाडी काढायला जाता. त्याला कधी थांब म्हणालात का?"

सर पाइपच्या वाटेतून बाजूला झाले. मी ट्रायपॉड उचलायला खाली गेले. लेव्हल गेली असंच धरून चालले होते.

मी पायऱ्यांवर आले आणि पाणी सुटलं. ते तळावरून सरळ त्या फटीकडं गेलं आणि आत शिरलं. तळ भरेना. आतून मात्र आवाज यायला लागला, खोल, घुमणारा, कुठंतरी लांब पाणी पडत असल्यासारखा.

"लई तहानलेली हाय," वरून कौसाआजी म्हणाल्या. "दर बारीला आधी तीच पिती. मग आमचं."

मी मोबाईल काढून तो आवाज रेकॉर्ड केला. बऱ्याच वेळानं तो बुजत गेला आणि पाणी पायरीला लागलं.

ऑफिसात मॉडेल उभं केलं, तर तळाचे फोटोच नसल्यानं तिथं अपेक्षेप्रमाणं भोक पडलं. ट्रायपॉड उचलताना दाराचे घाईत काढलेले फोटो तेवढे जुळले. मी सरांना हेडफोन दिला. त्यांनी तो आवाज दोनदा ऐकला.

"आत काय आहे?"

"माहीत नाही, सर."

"मग काहीतरी बनव."

"नको, सर. आवाजच ठेवू."

भोकाच्या जागी आम्ही पाणी दाखवलं. खेळणारा खाली उतरतो, दाराशी जातो, ऐकतो. टेस्टिंग टीमकडून पहिली तक्रार आली ती हीच, दार उघडत नाही. मी उत्तर लिहिलं, "आम्हालाही उघडलं नाही."

लेव्हल गेममध्ये राहिली. आता कुठलीही बारव स्कॅन करायची असली की आम्ही जास्तीचे लाईट नेतो आणि तळापासून सुरुवात करतो. वरचे दगड संध्याकाळपर्यंत थांबतात.