सायगावात बाबा हरवले तेव्हा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. वंदनाला नाही — आणि तिच्याशी तर तीस-बत्तीस वर्षं संसार केलाय. मुलीलाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझ्या बाबांना ओळखत नव्हता म्हणून असेल. जे ओळखत होते त्या सगळ्यांना ही गोष्ट पाठ आहे, फक्त त्यांच्या गोष्टीत मी चांगला मुलगा आहे.

नव्वदीची मधली वर्षं. आम्ही बहरीनला होतो, मनामात, नईम नावाच्या जुन्या वस्तीत, दोन खोल्यांच्या घरात. मीना सलमान बंदराजवळच्या एका वर्कशॉपमध्ये मी जहाजांवरच्या कोल्ड रूमचे कॉम्प्रेसर दुरुस्त करायचो. आई गेली आणि मी बाबांना काही महिन्यांसाठी बोलावून घेतलं. मूर्तिजापूरला त्यांची सगळी नोकरी पोस्टमन म्हणून झालेली. त्यांना घरात बसवेना. आठवड्याभरात त्यांनी नईमच्या सगळ्या गल्ल्या पायाखाली घातल्या. मल्याळी चहावाला, इस्त्रीवाला, संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसणारे म्हातारे बहरीनी — सगळ्यांशी ओळख. यल्ला, खलास, मफी — चल, संपलं, नाही — एवढं अरबी, बाकी सगळं वऱ्हाडी. आणि त्यांचं अडायचं नाही.

मी दमून घरी यायचो. जहाजाच्या पोटातली गरमी तुम्हाला सांगून कळायची नाही. दार उघडलं की बाबा समोर. आज कुठे गेलो, कोण भेटलं, आणि मग — माझं काय चुकतं. नळ असा बसवतात का. पोरीशी तू मराठी बोलतोस, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि तू ऐकून घेतोस. वंदना हसायची. मीही हसायचो. पण आतून मी — कसं सांगू — मी त्यांचा आवाज बंद व्हायची वाट बघायचो.

हे कारण म्हणून सांगत नाही. दमलेली माणसं काय जगात मी एकटाच होतो?

सायगावला जायची हौस त्यांचीच. पूर्वी पोस्टात येणारी वर्तमानपत्रं वाटायच्या आधी ते वाचून काढायचे, आणि तिकडच्या लढाईच्या बातम्या गल्लीला वाचून दाखवायचे. गावाचं नाव त्यांनी तेव्हाच बदलून घेतलं होतं — सायगाव. जसं आपल्याकडचंच एखादं खेडं. पुढे शहराचं सरकारी नावही बदललं, बाबांचं सायगाव मात्र तेच राहिलं. मनामातल्या ट्रॅव्हल एजंटच्या काचेवर ते नाव दिसलं आणि त्यांनी धोशा लावला. ईदच्या सुट्टीला जोडून मी रजा टाकली. व्हिसाबिसा सगळं एजंटनं बघितलं. बँकॉकमार्गे आम्ही चौघं गेलो.

पहिले दोन दिवस ते इतके खूश होते, की आता आठवलं तरी मी दुसरीकडे बघतो. मोटारसायकलींचा तो लोंढा बघून ते टाळ्या पिटायचे. फुटपाथवर बुटक्या स्टुलावर बसून वाफाळत्या रश्शातल्या शेवया खाल्ल्या, वर हिरव्या पानांची मूठच्या मूठ. पॅगोडात गेलो तेव्हा चपला काढून त्यांनी मोठ्यानं त्रिशरण म्हटलं. बाजूच्या दोन म्हाताऱ्या बायका थांबल्या, आणि आपल्या भाषेत त्यांच्यासोबत काहीतरी म्हणू लागल्या. बाबा मला म्हणाले की एवढ्या लांब येऊन घरीच आल्यासारखं वाटतंय.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या बाजारात गेलो. तोच तो, फाटकावर घड्याळाचा मनोरा असलेला. आत माणसाला माणूस घासत होतं. रेशमाचे तागे, कॉफीच्या बिया, सुकी कोळंबी, लाखेच्या डब्या, सगळ्याचा एकच वास. वंदनाला एक कापड आवडलं. मी पैसे देत होतो, तेवढ्यात बाबांनी माझं मनगट धरलं. लहान मुलाचं धरावं तसं. आणि वंदनाला म्हणाले, "याच्या हाती व्यवहार देऊ नको. हा पह्यलेपासून असाच."

दुकानदारीण हसली. तिला काय कळलं असणार? तरी ती हसली. वंदना हसली. मुलगी हसली.

एवढंच. याहून मोठं काही घडलं नव्हतं. मी कितीतरी वर्षं शोधलं, सापडलं नाही.

उकाड्यानं मुलगी रडकुंडीला आली तेव्हा वंदना तिला घेऊन हॉटेलवर गेली. आम्ही दोघं राहिलो. थोड्या वेळानं बाबा कॉफीच्या दुकानाशी रेंगाळले आणि मी पुढे गेलो. वळून बघितलं तर ते नव्हते. इथपर्यंत सगळं खरं आहे, आमच्या घरात सांगतात तसंच. मी दोन-तीन गल्ल्या बघितल्या. मग बाहेर आलो, रस्ता ओलांडला, आणि समोरच्या कॉफीच्या टपरीवर बसलो. म्हटलं फाटकातून बाहेर येतील तेव्हा दिसतील.

आणि ते दिसले.

घड्याळाखाली उभे होते. पांढरा सदरा, हातात कॉफीची पुडी. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मी हात वर करायचा होता. हाक मारायची होती. रस्त्याचं अंतर केवढं — त्यांच्या चष्म्याची काडी दिसत होती मला.

मी हात वर केला नाही.

आधी वाटलं, थांबू देत दोन मिनिटं. मग वाटलं, बघू या तरी. काय बघायचं होतं मला? ते सांगायलाच तर बसलोय. मला त्यांना रस्ता न सापडताना बघायचं होतं. जन्मभर ज्यांना सगळं ठाऊक होतं, त्यांना एकदा काहीच ठाऊक नसताना.

हॉटेलचं कार्ड माझ्या खिशात होतं. हॉटेलचं नाव त्यांना उच्चारता येत नव्हतं. त्यांनी एका पोलिसाला विचारलं, एका शाळकरी मुलीला विचारलं. दोघांनी माना हलवल्या. मग ते रस्ता ओलांडायला उतरले. मोटारसायकली थांबेनात. मागे फिरले. पुन्हा उतरले, पुन्हा मागे. आदल्या दिवशी हाच लोंढा बघून ते टाळ्या पिटत होते. मग त्यांनी माझं नाव घेऊन हाका मारायला सुरुवात केली. आवाज पोचत नव्हता, तोंड दिसत होतं. बाजाराच्या आत गेले, बाहेर आले, परत आत गेले. कॉफीची पुडी कुठेतरी पडली होती.

मी दुसरा ग्लास मागवला. हेही सांगायलाच हवं. बर्फ घातलेली, दाट गोड कॉफी होती. मी ती सावकाश प्यायलो.

मी उठलो तो दया आली म्हणून नाही. फळं विकणाऱ्या एका बाईनं त्यांना दंडाला धरून आपल्या स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, आणि आपल्या टोपीनं वारा घालू लागली. आजूबाजूला माणसं जमली. आता कोणीतरी त्यांना कुठेतरी घेऊन जाईल, मग पंचाईत — म्हणून उठलो. धावत रस्ता ओलांडला. मुद्दाम धावत. धाप लागलेली दिसायला हवी होती ना.

जवळ गेल्यावर दिसलं, त्यांची पँट पुढून ओली झाली होती.

मी म्हणालो, "बाबा, तासभर झाला तुमाले शोधून रायलो."

त्यांनी माझी बाही धरली. घट्ट. म्हणाले, "मले मालूम होतं, तू मले पाहत फिरत असशीन. माहीच चूक हाय. मी कायले हाललो तिथून?" मग ओल्या पँटकडे बघून, अगदी हळू — "सूनबाईले सांगू नको."

त्या बाईला मी हात जोडले. तिनं माझ्याकडे कसं बघितलं ते मला आठवत नाही. खरं सांगायचं तर मी तिच्याकडे बघितलंच नाही.

उरलेले दोन दिवस त्यांनी बाही सोडली नाही. नईमला परत आल्यावर ते एकटे खाली उतरेनात. चहावाला विचारायचा, बाबूजी किधर हैं? मी सांगायचो, तबियत ठीक नहीं. खिडकीशी बसून राहायचे. मी कामावरून आलो की काही बोलायचे नाहीत. माझं काय चुकतं तेही नाही. एकदा मी नळ पुन्हा उलटा बसवला आणि ते नुसते बघत राहिले. मला हवी होती ती शांतता मिळाली होती. महिन्याभरानं त्यांनी गावी जायची गोष्ट काढली. मी एकदाही थांबा म्हटलं नाही.

गावाकडे मात्र त्यांनी ही गोष्ट भेटेल त्याला सांगितली. पँटचं सोडून. माझ्या पोरानं माझ्यासाठी सगळं सायगाव पालथं घातलं, म्हणायचे. सुट्टीत मी जायचो तेव्हा माणसं पाठीवर थाप द्यायची. बाबा बाजूला बसून हसायचे. पुढची चार वर्षं बाजारालाही ते कोणाला तरी सोबत घेऊनच जायचे. त्या चार वर्षांत एखाद्या दुपारी त्यांना एकट्याला गाठून सांगता आलं नसतं का? आलं असतं. दुपारी पुष्कळ होत्या.

ते गेल्यावर पुण्यानुमोदनाला सगळी वस्ती जमली. त्यांच्यासोबत नोकरी केलेले एक पोस्टमन काका बोलायला उभे राहिले, आणि त्यांनी सायगावचीच गोष्ट सांगितली. परक्या मुलखात बाप हरवला आणि लेक तासभर वेड्यासारखा धावत होता. बायका डोळे पुसत होत्या. वंदनानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी उभा राहिलो. सगळे माझ्याकडे बघत होते. मी काकांना वाकून नमस्कार केला, आणि खाली बसलो.